गॅसला पगार कशाचा द्यायचा?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘वीजनिर्मिती : नैसर्गिक वायू आणि इतर पर्याय’. तिथे मी येणारच आहे, पण माझ्या वाटेने. मेगावॅट आणि युनिट यांतला फरक इथे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो. ज्यांना नसेल त्यांनी शेजाऱ्याला विचारावं. त्यालाही ठाऊक नाही हे कळून बरं वाटेल.

माझं भांडण एका तक्त्याशी आहे. ऊर्जेची चर्चा निघाली की तो येतोच. डावीकडे कोळसा, गॅस, अणू, पाणी, वारा, सूर्य. उजवीकडे प्रत्येकाचा प्रतियुनिट खर्च. ज्याचा आकडा लहान तो जिंकला, चला घरी. अहो, पण दुपारी बाराचं युनिट आणि संध्याकाळी साडेसातचं युनिट एकाच रकान्यात कसं बसवता? ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळावी लागते. कोण किती स्वस्त, याच्या आधी कोण कधी हजर, हे विचारायला हवं.

म्हणून मी न्यूशातेलची गोष्ट सांगतो. ज्यांनी ती माझ्याकडून आधी ऐकली आहे, त्यांनी कृपया चेहरा नवाच ठेवावा. १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या या गावासाठी ब्राउन बोव्हेरी कंपनीने वीजनिर्मितीचं पहिलं गॅस टर्बाइन, म्हणजे इंधन जाळून तापलेल्या वायूंच्या झोतावर फिरणारं चक्र, बांधलं. जुलैमध्ये चाचणी झाली, ती घेतली ऑरेल स्टोडोला यांनी. वय ८०, टर्बाइनशास्त्रातले भीष्माचार्य. त्यांनी मोजलं ते असं : टर्बाइन १५ मेगावॅटहून थोडी जास्त शक्ती देतं, त्यातले ११ मेगावॅट त्याचाच कॉम्प्रेसर, म्हणजे आत हवा दाबून भरणारा पंप, गिळतो, हातात उरतात ४. पंधरा कमवायचे, अकरा स्वतःच खायचे आणि चार घरी द्यायचे, असा हा कर्ता पुरुष! कार्यक्षमता जेमतेम १७ टक्क्यांच्या वर. आणि गंमत म्हणजे ते तेलावर चालायचं, नैसर्गिक वायूचा पत्ताच नाही.

मग घेतलं कशाला? कारण रोज चालवायला घेतलंच नव्हतं. राखीव म्हणून घेतलं होतं. बाकी वीज गेली तर चटकन सुरू व्हावं, थंड करायला पाणी लागू नये, भानगडी कमी असाव्यात. ते २००२ पर्यंत सेवेत होतं. राखीव यंत्राला कोणी कार्यक्षमता विचारत नाही. सुरू होतं का, एवढंच विचारतात.

पुढे १९७० च्या दशकात उलटाच वारा सुटला. गॅस संपत आलाय, तो विजेसाठी जाळणं म्हणजे चैन, असं सरकारांना वाटू लागलं. युरोपीय समुदायाने १९७५ मध्ये निर्बंध घातले, अमेरिकेने १९७८ मध्ये नव्या वीजकेंद्रांत गॅस वापरायला कायद्यानेच बंदी केली. ही बंधनं उठली अनुक्रमे १९९१ आणि १९८७ साली. तोवर कम्बाइन्ड सायकल हाताशी आलं होतं : टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूंवर वाफ करायची आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवायचं. आज कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या पुढे गेली आहे. माझ्या मते गॅस बिघडला तो इथेच. इतका हुशार निघाला की त्याला रात्रंदिवस कामाला जुंपलं.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं.’ मूळ विषय तर सुरूच व्हायचाय! पळतो आता.

कोळसा. हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाचे २०१४ चे मध्यम आकडे असे : प्रतियुनिट कोळशाचा कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या हिशेबात मोजलेले इतर वायू) ८२० ग्रॅम, गॅसचा ४९०. गॅसला राख नाही, धूर नगण्य. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि वाटेत गळणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. गळती तीन टक्क्यांच्या आसपास गेली की नजीकच्या काळात कोळशावरची सगळी आघाडी संपते. कॅलिफोर्नियात आलिसो कॅन्यन इथल्या भूमिगत गॅससाठ्याची एक विहीर २०१५ च्या ऑक्टोबरपासून चारेक महिने गळत होती; सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला.

अणू. प्रतियुनिट १२ ग्रॅम, उत्तम. पण भांडवल प्रचंड, म्हणून अखंड चालवला तरच परवडतो. पाणी : झकास, जिथे धरण बांधता येतं तिथे. वारा आणि सूर्य : असतात तेव्हा यांच्याशी कोणी स्पर्धाच करू नये. संध्याकाळचे तीन-चार तास आता बॅटऱ्या सांभाळतात, म्हणजे गॅसचं रोजचं कामही जातंय. उरतात ते ढगाळ, वारा पडलेले सलग काही दिवस. तेवढ्यासाठी गॅस ठेवा, असं माझं म्हणणं.

त्यातही एक अट. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीने गॅसच्या विहिरी आणि नळ गोठले. वीज गेली म्हणून गॅस पुढे ढकलणारी यंत्रं बंद पडली, आणि गॅस नाही म्हणून आणखी वीज गेली. सगळा ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. राखीव यंत्राला इंधनही राखीव लागतं.

मग पैसे कशाचे द्यायचे? जाळल्याचे नव्हे, तयार राहिल्याचे. ब्रिटनने २०१४ मध्ये अशा, म्हणजे गरज पडेल तेव्हा वीज देण्याच्या, क्षमतेचा पहिला लिलाव केला. त्यात जुन्या कोळसा केंद्रांनीही हात धुऊन घेतले, हे खरं. म्हणून कार्बनची मर्यादा आधी घाला, इंधनाचा साठा दाखवायला लावा, न सांगता चाचणी घ्या. आणि बोलावल्यावर जो आला नाही, त्याच्याकडून वर्षभराचे पैसे परत घ्या. विचारा आता प्रश्न.