परक्या हातचं पाणी

(दृश्य: उन्हात तापलेला माळ. लांबवर एक वाट.)

साल १८७४. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडलेला. पुराणं सांगत गावोगाव फिरणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कुटुंबाला आता श्रोता मिळेना, की दक्षिणा. आधी शास्त्रीबुवा गेले. थोड्याच आठवड्यांत आई लक्ष्मीबाईंनी अंथरूण धरलं.

भीक मागायची या घराची रीत नव्हती. तरी आईसाठी मुलगी रमा, म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई, शेजारच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वय सोळाच्या आसपास. त्या घरच्या बाईनं बाजरीच्या भाकरीचा तुकडा पुढे केला. रमाचा हात काही उठेना. तोंडातून शब्द फुटेना. तोंड झाकून ती नुसती रडत राहिली. शेवटी भाऊ श्रीनिवास पुढे आला आणि त्यानं तो तुकडा घेतला. आईच्या अंगात मात्र तेवढा घास गिळण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना कणव आली. तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. तिची उंची पुरेना, म्हणून तिनं तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं.

भाकरी देणारी ती बाई आणि खांदा देणारे ते दोघे ख्रिस्ती नव्हते. हे स्पष्ट सांगायला हवं. दयेवर कुठल्याही एका धर्माची मालकी नाही. पुढे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या पाठीशी या तिघांचे उपकार होते, हे विसरून त्यांची गोष्ट सांगता येणार नाही.

(दृश्य: लंडनची जुनी छायाचित्रं.)

१८८३. कोलकात्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवलेल्या रमाबाई एव्हाना विधवा झाल्या होत्या. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला पोचल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. लंडनमध्ये फुलहॅमला एक आश्रम होता. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून झिडकारलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. त्यांची सेवा करणाऱ्या भगिनींचं त्यांच्याशी ना नातं, ना ओळख. तरी कुणाच्या वागण्यात किळस नव्हती. रमाबाईंनी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्यांनी एका भगिनीला विचारलं: या बायकांसाठी हे सगळं करावं असं तुम्हाला का वाटतं?

तिनं वादविवाद केला नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी विहिरीवर थकून बसलेला येशू एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. शिवाय त्या बाईचा संसारही लोकांच्या बोलण्याचा विषय झालेला. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे जिथे लहानपणापासून शिकवलं जातं, अशा देशातून आलेल्या ब्राह्मण विदुषीला ही गोष्ट किती खोल लागली असेल! त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वेदान्तावर वाद घालू शकणारी ही बाई ख्रिस्ताकडे ओढली गेली, ती आधी त्या भगिनींचे कामात गुंतलेले हात पाहून. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

(दृश्य: केडगाव स्टेशन, पुणे-दौंड मार्ग.)

१८८९ मध्ये मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन, विधवा मुलींचं वसतिगृह आणि शाळा, निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धर्मांतरावरून वादळ उठलं, पाठीराखे पांगले. मग १८९६ चा दुष्काळ आला आणि रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेनं हाडांचा सापळा झालेल्या, अंगावर फोड, केसांत उवा अशा मुलींना त्यांनी आपल्याबरोबर आणलं. उपाशी पोटाला एकदम जेवण सोसत नाही. थोडं थोडं भरवावं लागतं, पुन्हा पुन्हा. फोड धुवायचे, केस कापायचे, रात्री दचकून उठणाऱ्या मुलीजवळ बसायचं. यातली बरीच कामं सदनात आधीपासून राहणाऱ्या मुलींनी केली. त्यांनाही कधीतरी कुणी परक्यानंच घरात घेतलं होतं.

‘मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं,’ असं येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हणतो. केडगावच्या माळावर रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनात या वाक्याला विहिरी, स्वयंपाकघर, हातमाग आणि छापखाना लाभला. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या. स्वयंपाक शाकाहारीच राहिला आणि रमाबाईंच्या अंगावर शेवटपर्यंत पांढरी साडी.

१८९९ मध्ये त्यांनी केडगावात कृपा सदन उघडलं. फुलहॅमला पाहिल्या होत्या, तशाच स्त्रियांसाठी. मनोरमा ब्रेल शिकली आणि दृष्टिहीन मुलींना वाचायला शिकवू लागली. १९२१ मध्ये ती गेली, आणि पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. मुक्ती मिशनचं काम केडगावात आजही चालू आहे.