‘लिहिले’ म्हणणाऱ्या फाइल सिस्टिमची परीक्षा

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

अनेक संगणकांच्या डिस्क जोडून त्यांची मिळून एकच फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल साठवण्याची आणि परत देण्याची व्यवस्था, उभी करण्याचे काम गेली चार दशके चालू आहे. १९८०च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात अँड्र्यू फाइल सिस्टिम घडली आणि सन मायक्रोसिस्टिम्सने नेटवर्कवरून फाइल वापरू देणारी एनएफएस आणली. २००३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या फाइल सिस्टिमवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याच्या आधारे हडूप या मोठ्या माहितीसाठ्यांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची एचडीएफएस ही फाइल सिस्टिम उभी राहिली, आणि सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेज वाइल यांच्या पीएचडीच्या कामातून ‘सेफ’ आकाराला आली. तुमच्यापैकी काही जण आज अशीच एक छोटी फाइल सिस्टिम स्वतः लिहीत आहात. ती कशी लिहावी यावर मी बोलणार नाही; ती नुकती चालू लागलेली असताना तिची परीक्षा कशी घ्यावी, एवढाच माझा विषय आहे.

प्रकल्पाच्या सादरीकरणात बहुधा एका यंत्रावरून मोठी फाइल लिहून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवली जाते आणि सेकंदाला किती मेगाबाइट गेले तो आकडा पडद्यावर येतो. सगळी यंत्रे चालू, केबल जागेवर, डिस्क मोकळी, अशा वेळी फाइल परत मिळाली, यावरून फारच थोडे सिद्ध होते. आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत पंपाच्या बॉडीत पाण्याचा दाब भरून पाहतात, कारण कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) पोटातले ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, वरून दिसत नाही. फाइल सिस्टिमलाही असाच दाब द्यावा लागतो, आणि तो वेगाच्या मोजमापाआधी द्यावा लागतो.

मग तपासायचे काय? प्रोग्रामने फाइलमध्ये काही लिहिले, एफसिंकची हाक (‘स्मृतीतला मजकूर आत्ताच डिस्कवर उतरव’ ही आज्ञा) दिली आणि फाइल सिस्टिमने ‘झाले’ असे उत्तर दिले, की त्या क्षणी एक वचन दिले गेले: आता एखादे यंत्र बंद पडले तरी हा मजकूर परत मिळेल. हे वचन कोणत्या परिस्थितीत मोडते, ते शोधणे म्हणजे चाचणी. बाकीच्या सगळ्या चाचण्या याच्या मागून येतात.

यासाठी मोठे क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांचा ताफा, लागत नाही, हे मला आज ठासून सांगायचे आहे. ‘आमच्याकडे यंत्रेच नाहीत’ म्हणून ज्यांनी चाचणी पुढे ढकलली आहे, त्यांनी टोरांटो विद्यापीठातील संशोधकांचा २०१४ सालचा अभ्यास वाचावा. कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या अनेक यंत्रांवर मिळून माहिती साठवणाऱ्या किंवा हाताळणाऱ्या पाच प्रणालींतले १९८ बिघाड त्यांनी एकेक करून तपासले, तेव्हा त्यांतले ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी नोडवर (जोडलेल्या यंत्रांवर) घडवून आणता येतात असे आढळले. संपूर्ण प्रणाली कोसळवणाऱ्या बिघाडांपैकी ९२ टक्क्यांचे मूळ तर ‘इथे चूक झाली आहे’ असे सॉफ्टवेअरने स्पष्ट कळवलेले असूनही ती नीट न हाताळण्यात होते. म्हणजे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडलेले चार जुने डेस्कटॉप आणि एक गिगाबिट स्विच एवढ्यावर गंभीर काम करता येते. त्यांतली तीन यंत्रे एकाच मजकुराची एकेक प्रत साठवतील आणि चौथे लिहिणारे व साक्ष देणारे असेल. साठवणारी यंत्रे दोन ठेवून भागत नाही, कारण त्यांच्यामधला दुवा तुटला की प्रत्येकाला दुसरे मेल्यासारखे दिसते आणि दोन्ही आपापल्या परीने लिहीत सुटतात. तिघांत मात्र दोघांचे बहुमत होऊ शकते.

आता पहिली चाचणी जवळून पाहू. चौथ्या यंत्रावरचा प्रोग्राम एकामागून एक क्रमांक घातलेल्या नोंदी लिहितो, प्रत्येक नोंदीत क्रमांक, मजकूर आणि चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) असतो, प्रत्येकीनंतर एफसिंक होते आणि होकार आला की तो क्रमांक चौथ्या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवरील वेगळ्या लॉगमध्ये (नोंदवहीत) नोंदवला जातो. हा लॉग तपासणीखालच्या फाइल सिस्टिमवर ठेवू नये, नाही तर साक्षीदार आणि आरोपी एकच होतात. लिहिणे चालू असताना एका यंत्राची वीज तोडायची, आणि ती अक्षरशः प्लग काढून तोडायची. प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) ‘किल -९’ ही तत्काळ मारण्याची आज्ञा पाठवणे याला पर्याय नाही, कारण त्याने प्रोसेस मरते पण कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) स्मृतीत उरलेला मजकूर सावकाश डिस्कवर उतरतो, आणि एफसिंक न करणारी सदोष फाइल सिस्टिमही या चाचणीत उत्तीर्ण होते. शटडाऊन तर त्याहून सौम्य. आपल्या प्रयोगशाळा यूपीएसवर चालतात, म्हणून चाचणीचे यंत्र मुद्दाम यूपीएसबाहेरच्या सॉकेटला लावावे.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लॉग आणि फाइल ताडून पाहायची. होकार मिळालेला प्रत्येक क्रमांक सापडलाच पाहिजे. उत्तर न येता वेळ संपली अशा नोंदींना मात्र ‘अयशस्वी’ न म्हणता ‘अनिश्चित’ म्हणावे, कारण मजकूर पोहोचून फक्त उत्तर वाटेत हरवलेले असू शकते. अशी नोंद असली तरी चालते, नसली तरी चालते, पण आज दिसली आणि उद्या नाही, किंवा एका यंत्राकडून दिसते आणि दुसऱ्याकडून नाही, हे चालत नाही.

एफसिंकच्या बाबतीत अनुभवी मंडळीही गाफील राहिलेली आहेत. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकसकांच्या लक्षात आले, की लिनक्सवर डिस्कच्या चुकीमुळे एफसिंक एकदा फसले की कर्नल स्मृतीतली ती पाने (मजकुराचे तुकडे) लिहून झाल्यासारखी धरू शकतो, आणि मग दुसऱ्यांदा हाक दिली तर यशाचे उत्तर येते, जरी मजकूर डिस्कवर कधी गेलाच नसला तरी. ‘चूक आली, पुन्हा प्रयत्न करू’ हा आपल्या सर्वांच्या हाताला बसलेला रिवाज इथे घातक ठरतो. त्यानंतर पोस्टग्रेसने एफसिंक फसताच सर्व्हर थांबवून लॉगवरून सावरण्याचा मार्ग धरला. तुमच्या कोडमध्ये एफसिंकचे उत्तर जिथे जिथे तपासले जाते, त्या ओळी आज घरी गेल्यावर उघडून पाहा.

नेटवर्कची केबल ओढणे हा सोपा प्रसंग आहे. त्याहून अवघड म्हणजे एकतर्फी बंदी: लिनक्समधल्या आयपीटेबल्स या पॅकेट गाळणाऱ्या साधनाचा एक नियम लावून ‘अ’कडून ‘ब’कडे जाणारी पॅकेट टाकून द्यायची आणि उलट दिशा चालू ठेवायची. मग ‘ब’चे सगळे ऐकू येत असल्याने ‘अ’ निर्धास्त असतो, आणि ‘ब’ मात्र ‘अ’ गेला असे समजून नवा प्रमुख (लिखाणाचा क्रम ठरवणारा नोड) निवडायला निघतो. तिसरा प्रसंग थिजलेल्या यंत्राचा. प्रमुख नोडच्या प्रोसेसला सिगस्टॉप हा थांबण्याचा संकेत पाठवून थांबवा, उरलेल्या दोघांनी नवा प्रमुख निवडेपर्यंत वाट पाहा आणि मग तिला पुन्हा चालू करा. जागी झालेली प्रोसेस अजूनही स्वतःला प्रमुख समजते आणि अर्धवट राहिलेले लिखाण पुढे रेटू पाहते. प्रत्येक प्रमुखाला चढता कार्यकाळ क्रमांक देऊन जुन्या क्रमांकाचे लिखाण नाकारण्याची तजवीज केलेली नसेल, तर नवा मजकूर जुन्याखाली गाडला जातो. काइल किंग्जबरी यांनी २०१३ पासून जेप्सेन या साधनाने अनेक नावाजलेल्या डेटाबेसांमधले दोष अशाच प्रसंगांतून उघडे केले आहेत.

डिस्क भरण्याची चाचणी बहुतेक जण विसरतात. खरी डिस्क भरत बसण्याची गरज नाही. एका छोट्या फाइललाच डिस्क म्हणून जोडून त्यावर नोड चालवा, ते लगेच भरते. मग फाइल पुसून पाहा. पुसण्याची नोंद करायलाही फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या लॉगमध्ये जागा लागते, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या फाइल सिस्टिमवर पुसणेही अशक्य होऊन बसते. ‘सेफ’ मुळात ९५ टक्क्यांवरच लिहिणे थांबवते, ते याचसाठी. तसेच, एका प्रतीतल्या ब्लॉकचा एक बाइट थेट डिस्कवर बदलून फाइल वाचावी. गूगलची फाइल सिस्टिम दर ६४ किलोबाइटला चेकसम ठेवत असे, एचडीएफएस मुळात दर ५१२ बाइटला ठेवते. तुमची फाइल सिस्टिम तो बदल ओळखून दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्ती करते का, ते पाहावे. परवानग्या, नाव बदलणे, लिंक यांसाठी पीजेडीएफएसटेस्ट आणि वाचन-लेखनाच्या यादृच्छिक माऱ्यासाठी एफएसएक्स ही तयार साधने आहेतच. यादृच्छिक चाचणीचा बीजांक (ज्यावरून ते यादृच्छिक आकडे तयार होतात ती सुरुवातीची संख्या) मात्र दर वेळी नोंदवावा, नाही तर सापडलेला दोष पुन्हा हाती लागत नाही.

तीन प्रती आहेत म्हणून मजकूर सुरक्षित आहे, ही समजूत कोल्हापूरकरांनी तरी सोडून द्यावी. एक प्रत शाहूपुरीत, दुसरी इचलकरंजीत, तिसरी सांगलीत ठेवली तर कागदावर तीन शहरे होतात. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली, त्याच दिवसांत कृष्णा सांगलीत शिरली आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद झाला. प्रती एकत्र बुडणार नाहीत याची खात्री नदीखोरे, वीजवाहिनी आणि नेटवर्कची वाट पाहून करावी लागते, आणि प्रयोगशाळेत त्याची चाचणी म्हणजे एकाच एक्स्टेंशन बोर्डवरची दोन यंत्रे एकदम बंद करणे. उरलेल्या एका यंत्राने तेव्हा लिहिणे नम्रपणे नाकारले पाहिजे.

अशा वेळी बरेच दिवस बाहेर राहिलेले यंत्र परत येते, तो प्रसंगही घडवून पाहा. तिसरा नोड बंद करा, उरलेल्या दोघांवर एक फाइल पुसा, दुसरी पुसून त्याच नावाने वेगळ्या मजकुराची नवी फाइल करा आणि मग तिसरा सुरू करा. पुसलेली फाइल पुन्हा उगवली, तर पुसल्याची खूण तुम्ही फार लवकर टाकून दिली आहे. नव्या फाइलमध्ये जुना मजकूर आला, तर प्रतींना आवृत्ती क्रमांक नाही.

हे सगळे पार पडल्यावर विभागातल्या खऱ्या फाइल तिच्यावर ठेवायला हरकत नाही, पण मूळ फाइल जुन्या सर्व्हरवर तशाच राहू द्याव्यात. दररोज रात्री दोन्हीकडचे चेकसम ताडून पाहणारी स्क्रिप्ट लावावी, आणि फरक आढळला तर काहीही दुरुस्त करण्याआधी तिन्ही यंत्रांचे लॉग आणि त्या फाइलच्या तिन्ही प्रती बाजूला काढून ठेवाव्यात.