काचेच्या आतून

[सूरसागरचा काठ. दांडिया बाजारातलं निम्मं वर गेलेलं शटर.]

सकाळचे सात. वडोदऱ्यातल्या या छोट्या पॅथॉलॉजी लॅबचं शटर अजून पुरतं उघडलेलं नाही, पण त्याखालून वाकून माणसं आत यायला लागलीत. सगळी उपाशीपोटी. चहाशिवाय घराबाहेर पडलेला माणूस कसा बोलतो, ते लॅबच्या काउंटरवर बसणाऱ्यालाच विचारावं.

या काउंटरवरच्या ताई दांडिया बाजारातच वाढल्या. घरात मराठी, काउंटरवर गुजराती. १९ वर्षं झाली.

[काच. कॅमेरा आतल्या बाजूने.]

ही काच बघा. बाहेरून तिच्यावर तपासण्यांचे दर आहेत. आतून, बरोबर ताईंच्या नजरेसमोर, एक पिवळा स्टिकर : ‘हसत राहा.’ पेशंटला तो दिसत नाही. त्याच्यासाठी तो नाहीच. मागे कधीतरी इथे ‘भावनिक बुद्धिमत्ते’चं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं, त्यातलं एवढंच उरलंय. काउंटरवरच्या मुली होत्या, रक्त घेणारी पोरं होती. वरच्या साहेबांपैकी कोणी बसलं नाही. त्यांना बहुधा गरज नसावी.

हा शब्द मुळात इतका पोकळ नव्हता. १९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय मांडणी केली आणि पुढे त्याचे चार भाग पाडले. भावना ओळखायची. विचार करताना तिची मदत घ्यायची. ती कुठून आली, कुठे जाईल हे समजून घ्यायचं. आणि मग ती हाताळायची. मग! स्टिकरवाल्यांनी पहिले तीन भाग गाळले आणि चौथा काउंटरवर चिकटवला. आतून गिळायचं आणि वरून हसायचं, याला खरं तर वेगळं नाव आहे, भावनिक श्रम. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाई सुंदरींचं काम जवळून पाहून १९८३ मध्येच ते दिलं होतं. त्या श्रमाचे पैसे पगाराच्या स्लिपवर दिसत नाहीत.

[वही, अगदी जवळून.]

कीबोर्डखालून निघते ती शंभरपानी वही. ताईंची स्वतःची, ऑफिसची नव्हे. कोणाशी खटका उडाला की तारीख आणि एक शब्द. पहिली पानं बघा. राग. राग. राग. राग. पाचव्या पानावर कुठे ‘वैताग’ येतो. मग ‘अपमान’. मग ‘तिडीक’. एका तारखेपुढे ‘कानकोंडं’, आणि खाली दोन रेघा.

चिडलेल्या-घाबरलेल्या चेहऱ्यांवरची भावना माणसाने शब्दात सांगितली की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-संतापाने झटकन जाग्या होणाऱ्या भागाची, खळबळ उतरते, असं मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांना २००७ साली मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. ताईंनी हे वाचलेलं नाही. त्या आपल्या आजोबांचं नाव घेतात.

[कलाभवनची इमारत.]

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन. आजोबा इथे रंगाई शिकले. घरात कोणी नुसतं ‘लाल’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. कुठला लाल? डाळिंबी, कुंकवासारखा, की विटकरी? नीट सांगेपर्यंत चिंधी हातातून सोडायचे नाहीत.

[काउंटर. एक गृहस्थ काचेवर बोट आपटताहेत.]

सव्वाअकरा. यांच्या आईचं रक्त दुसऱ्यांदा घ्यावं लागणार आहे. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, तसा रिपोर्ट देता येत नाही. हे सगळं ताईंनी सांगून झालंय. गृहस्थांच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका, ताईंचा अंगठा बघा. पेनाचं बटण दाबतोय, सोडतोय. तीनदा. मग खुर्ची मागे सरते आणि ताई काचेच्या बाहेर येतात.

“काका, बेसो ने. बाने बहु दुख्युं?”

काका बसतात. उद्या आईचं ऑपरेशन आहे, हे ते आत्ता पहिल्यांदा सांगताहेत.

“साडेचारला फोन हूं करीश,” ताई म्हणतात. मराठी-गुजराती एकाच वाक्यात, बडोद्याची रीत. जागेवर येऊन वही काढतात. आजच्या तारखेपुढे शब्द : ‘धास्ती’. आणि कंसात : ‘त्यांची’.

काउंटरवरची भांडणं कमी झालीत, नव्या मुली टिकू लागल्यात. पगार आहे तेवढाच आहे.

[भिंतीवरचं घड्याळ. रिकामी बाकडी.]

चार अठ्ठावीस. प्रिंटरमधून कागद सरकतो. ताई चष्मा लावतात, नंबर दाबतात.

“काका? रिपोर्ट आवी गयो.”