चपलेचा पट्टा आणि रक्तातलं लॅम्डा

नमस्कार, श्रोतेहो. दुधात पिठाची भेसळ आहे का, हे बघायला आपण आयोडीनचा थेंब टाकतो. निळं झालं की गवळ्याचं काही खरं नाही. 1854 साली रुडॉल्फ फिरखॉव या जर्मन डॉक्टरनं शरीरात साचलेल्या एका पदार्थावर आयोडीन टाकलं, रंग निळसर आला, आणि त्यानं स्टार्चसारखा म्हणून त्याला ‘अमायलॉइड’ म्हटलं. निघालं ते प्रथिन! नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. प्रथिनाची घडी चुकते आणि ते हृदयात, मूत्रपिंडात, नसांत साचत जातं, तो अमायलॉयडोसिस.

मी रक्त तपासणारा माणूस. आमच्या मार्केट यार्डातले एक गूळ-अडते, नाव सांगत नाही. तीस वर्षं एकाच कारागिराची चप्पल. (मशीनवरची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून खपवतात, ती ना करकर वाजते ना पायाला बसते. असो.) नव्या जोडाचा पट्टा रुतायला लागला म्हणून हे भांडायला गेले. कारागिरानं घोट्याच्या वर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. म्हणाला, “मालक, माप चुकलं न्हाई. पायात पाणी उतरलंय.”

घरच्यांनी मीठ बंद केलं. लघवीला फेस येत होता, तो कुणाला सांगितला नव्हता. बीपीची गोळी लागेनाशी झाली, त्याचा तर यांना आनंदच! जीभ जाड झालेली, कडेला दातांचे वण. क्रिएटिनिन ठीक, साखर ठीक. लघवीतून प्रथिनं मात्र वाहत होती. रक्तातली प्रथिनं विजेवर वेगळी करून बघायची तपासणी म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस, त्यातही काही दिसलं नाही, आणि इथंच बरेच जण थांबतात. किडनीच्या डॉक्टरांनी फ्री लाइट चेन तपासणी लिहून दिली.

हाडांच्या मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात, तिचे सुटे तुकडे, म्हणजेच फ्री लाइट चेन, रक्तात फिरतात. यांचीच घडी चुकली की अमायलॉइड साचतं. दोन जातीचे, कप्पा आणि लॅम्डा. यांचं कप्पा 14, लॅम्डा 210. भागाकार करा, 0.07. निरोगी माणसात हे प्रमाण 0.26 ते 1.65 असतं; मूत्रपिंड थकलेलं असेल तर वरची हद्द थोडी वाढते. म्हणजे नुसता आकडा नाही, प्रमाण बघायचं. पुन्हा सांगतो, प्रमाण.

पण रक्तावरून संशय येतो, शिक्का बसतो तो तुकडा तपासूनच. पोटाच्या चरबीत सुई घालून नमुना घेतला, काँगो रेड नावाच्या रंगानं रंगवला. ध्रुवित प्रकाशात कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकला. अमायलॉइडची हीच खूण. मी खुर्चीवरून उठून पुन्हा बसलो, पुन्हा पाहिलं.

त्या प्लाझ्मा पेशींना आवरायला केमोथेरपी सुरू झाली. दर महिन्याला रक्त. लॅम्डा 210 वरून 90, मग 34. हे तुकडे रक्तात काही तासच टिकतात, म्हणून औषध लागू पडतंय का ते लवकर कळतं. सूज मात्र हटेना, म्हणून हे माझ्यावर उखडले. अहो, नळ बंद झाला तरी साचलेलं ओसरायला महिने जातात. हृदयावर किती ताण आहे, किती इजा आहे, त्यासाठी एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासण्या वेगळ्या बघाव्या लागतात.

एकदा पैसे वाचवायला त्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. लॅम्डा वाढलेलं! घरात कुणी जेवलं नाही. आमच्याकडे पुन्हा तपासलं, तर वाढ नव्हतीच. यंत्र वेगळं, पद्धत वेगळी, आकडे जुळत नाहीत. लॅब एकच ठेवा. लक्षात ठेवा, लॅब एकच.

अमायलॉयडोसिसचा दुसरा एक प्रकार, यकृतात बनणाऱ्या ट्रान्सथायरेटिन प्रथिनाचा, या तपासणीत सापडत नाही, त्यात हे प्रमाण चांगलं येऊ शकतं. तिथं हाडांचा स्कॅन लागतो. टीबी किंवा जुन्या संधिवातानंतरचा तिसराच. त्यावर बोलायला आज वेळ नाही.

परवा अडते आले. बरोबर गुळाच्या भावाची लाल वही. मागच्या पानांवर तीन रकाने आखलेले: कप्पा, लॅम्डा, प्रमाण. शेवटची नोंद 15, 22, 0.68. आणि खाली, त्याच शाईत, त्या दिवशीचा गुळाचा भाव.