वॉर्डात काम आहे, जागा नाही

नमस्कार श्रोतेहो.

परवा पहाटे सव्वापाचला मी बेळगावच्या बसस्थानकावर कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहत बसले होते. बाकावर शेजारी एक मुलगी, मांडीवर प्लास्टिकची फाईल, आणि कागद उडू नयेत म्हणून फाईलवर दोन्ही हात. असली फाईल मी लांबूनही ओळखते. दहावीचं मार्कलिस्ट, जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, तीन वर्षांची मार्कलिस्टं, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. विचारलं, "इंटरव्ह्यूला काय ग?"

"होय मॅडम. चौथा." मग जरा थांबून म्हणाली, "हा पण नाही झाला तर बाबा म्हणालेत, कापडाच्या दुकानात बघूया."

मुलगी खानापूरकडची. आदल्या रात्री वडगावात मामाकडे मुक्काम करून पहाटे निघालेली. परीक्षा पास होऊन चौदा महिने झाले होते. पहिल्या तिन्ही ठिकाणी तिला एकच प्रश्न विचारला होता, अनुभव किती?

मी स्वतः मिरजेला, डॉ. वॉनलेस यांनी उभ्या केलेल्या मिशन दवाखान्यात शिकले. तेव्हा बेळगाव-मिरज गाडी मीटरगेजची होती आणि आमच्या तुकडीतल्या बहुतेक मुलींना निकालाआधीच कुठून ना कुठून बोलावणं आलेलं असायचं. त्यामुळे "नर्स झालीस की भाकरीची काळजी मिटली" हे वाक्य मीही कितीतरी आईबापांना ऐकवलंय. आज ते ऐकवताना जीभ अडखळते.

गंमत बघा. कुठल्याही मोठ्या दवाखान्यात रात्री अकरा वाजता जा. तीस बेडच्या वॉर्डात एक सिस्टर, फार तर दोन. एकीची सलाईन संपलेली, दुसरीकडे नातेवाईक हाका मारतायत, तिसरीचा कॅन्युला निघालेला. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण काय सांगतं? साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स आणि शिकवण्याच्या दवाखान्यात तीन पेशंटमागे एक. त्या हिशेबाने तीस बेडच्या वॉर्डाला सहा जणी हव्यात. कामाला तोटा नाही. पगाराची मंजूर जागा मात्र नाही, आणि गोंधळ सगळा तिथेच होतो. पेपरात येतं, देशात नर्सेसचा तुटवडा. ते वाचून बाप कर्ज काढून पोरीला कॉलेजात घालतो. ती बाहेर पडते तेव्हा तुटवडा तसाच असतो, आणि तीही घरी तशीच बसलेली असते.

दिवस मंदीचे असले की हे आणखी घट्ट होतं. उद्यमबागेत फौंड्रीची एक पाळी बंद झाली, शहापूर-वडगावात माग थांबले, तर त्याचा आमच्या वॉर्डाशी काय संबंध, असं वाटेल. पण हर्नियाचं ऑपरेशन माणूस पुढं ढकलतो. गर्भाशयाची तक्रार बाई अंगावर काढते. गुडघा तर काय, चालतोय तोवर चालू दे. खाजगी दवाखान्यातले बेड रिकामे पडायला लागले की मालक पहिल्यांदा काय बघतो? मशीनचा हप्ता थांबवता येत नाही, वीजबिल थांबवता येत नाही. मग सोडून गेलेल्या सिस्टरच्या जागी नवी घेत नाहीत. कुणाला काढलं जात नाही, म्हणून कुठं बातमी होत नाही. आत असलेल्या पोरीच दोघींचं काम ओढतात.

हे आपल्याकडंच घडतं असंही नाही. २००८ साली अमेरिकेत मंदी आली, तेव्हा तिथल्या नव्या नर्सेसवर हीच पाळी आली होती. नवऱ्याची नोकरी गेली म्हणून अर्धवेळ काम करणाऱ्या बायका पूर्णवेळ आल्या आणि निवृत्तीला टेकलेल्या आणखी काही वर्षं थांबल्या. जागा मोकळ्याच झाल्या नाहीत.

आता इथं मला एक कबुली द्यायला हवी. मी निवृत्त झाले, आणि चारच महिन्यांत एका नर्सिंग होमने बोलावलं म्हणून पुन्हा कामाला लागले. घरी करमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मुलाचं काम तेव्हा डळमळीत होतं. दोन वर्षं केलं. त्या जागेवर एखादी पंचवीस वर्षांची पोर बसली असती हे मला तेव्हा सुचलंच नाही. परवा त्या बाकावर बसल्यावर सुचलं.

कोविडचंही तसंच झालं. २०२० च्या मार्चमध्ये लोकांनी ताटं वाजवली. पाठोपाठ करारावर नर्सेस भरल्या, कुणाला तीन महिन्यांची ऑर्डर, कुणाला सहा. पीपीई किटमध्ये बारा-बारा तास काढलेल्या पोरी लाट ओसरल्यावर घरी आल्या. निदान अनुभवाचं पत्र तरी घेतलंस का, असं मी एकीला विचारलं, तर म्हणाली, "मागायला गेले तर तो साहेबच बदलून गेला होता."

अनुभवाचं हे कोडं आता जरा उलगडून बघूया, कारण मुली फसतात त्या इथंच. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मग कुणीतरी सुचवतं, सहा महिने ट्रेनी म्हणून बिनपगारी ये, सर्टिफिकेट देतो. मुली जातात. माझं मत विचाराल तर पास झालेल्या, रजिस्टर्ड नर्सने एक दिवसही फुकट ड्युटी करू नये. पगार कमी असेल, असू दे, पण हजेरीपटावर नाव हवं आणि पैसे बँकेत यायला हवेत. पुढं अनुभव दाखवायची वेळ येते तेव्हा पासबुकातली ती ओळ लेटरहेडवरच्या कौतुकापेक्षा जास्त कामाला येते.

आणि जाण्याआधी एक विचारा, बेड किती? हा प्रश्न फार मुली विचारत नाहीत. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची देशभर एकच परीक्षा असते, नॉरसेट. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना ती थेट देता येते. पण जीएनएमवालीला किमान ५० बेडच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. पंधरा बेडच्या नर्सिंग होममध्ये तुम्ही पाच वर्षं जीव तोडून काम करा, तिथं ते मोजलं जात नाही. कामात उणीव नसते हो. छोट्या ठिकाणी तर पोरगी ऑपरेशन थिएटरपासून बिलापर्यंत सगळं शिकते. पण नियम नियम आहे. त्याच परीक्षेत शंभरातल्या ८० जागा महिलांना आहेत, हेही कानावर घालून ठेवते.

मूळ सर्टिफिकेट ठेवून घेणारे असतात, त्यांच्याविषयी एकच सांगते. मूळ कागद द्यायचे नाहीत. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची आणि परत फाईलमध्ये. इतकी वर्षं इथंच काम करीन असा बाँड घेऊ नये, असं नर्सिंग कौन्सिलने केव्हाच सांगितलेलं आहे, तरी घेणारे घेतात.

पगाराचं बोलायचं तर माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुली आठ, दहा, बारा हजार असे आकडे सांगतात. २०१६ च्या २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने खाजगी दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पगारासाठी केंद्राला समिती नेमायला लावली. समितीने म्हटलं, ५० पेक्षा कमी बेडच्या दवाखान्यातही २०,००० च्या खाली पगार नसावा, आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतकाच द्यावा. पण ही शिफारस. ती अमलात आणायचं राज्यांवर सोडलं. त्यामुळे हा आकडा घेऊन मालकाशी भांडायला जाऊ नका, तो हसेल. मागताना कुठून सुरुवात करायची, एवढं मात्र त्यावरून कळतं.

आता आपल्या सीमाभागाचं. इथल्या मुलीला दोन दारं दिसतात आणि दोन्हीकडे उंबऱ्यावर कागद मागतात. कर्नाटकात शिकली म्हणजे रजिस्ट्रेशन बेंगळूरच्या कौन्सिलचं. कोल्हापूर-सांगलीला काम करायचं तर महाराष्ट्र कौन्सिलकडे वेगळी नोंदणी आणि त्याआधी इथल्या कौन्सिलचं ना हरकत. गोव्याला जायचं तर तिथली तिसरी. यात महिने जातात. नोकरी मिळाल्यावर करू म्हणून बसू नका. ती बसस्थानकावरची मुलगी कोल्हापूरला निघाली होती, पण ना हरकतीचा अर्जच केला नव्हता. कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

महाराष्ट्र सरकारी भरतीत अधिवासाचा दाखला मागतं, तिथं आपल्या मुली मागं फिरतात. फिरू नका. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी २००८ चं परिपत्रक आहे. पंधरा वर्षं वास्तव्य असल्याचा तहसीलदाराचा विहित नमुन्यातला दाखला असेल तर अर्ज करता येतो. जाहिरातीत हे बारीक अक्षरात, खालच्या बाजूला असतं. तिथं पदाचं नावही 'अधिपरिचारिका' असतं. स्टाफ नर्स म्हणजेच ती, हे न कळल्यामुळे जाहिरात पलटून टाकलेल्या मुली मी पाहिल्यात.

आणि कर्नाटकच्या सरकारी जागा? तिथं कन्नड यावं लागतं. दहावीला कन्नड कसं घेतलं होतं त्यावर भाषेचा पेपर सुटतो की द्यावा लागतो ते ठरतं. या विषयावर घराघरांत काय बोललं जातं ते मला माहीत आहे, माझ्या घरीही बोललं जायचं. सीमाभाग कर्नाटकात गेला त्याच्या निषेधाची काळ्या दिनाची फेरी असते, तिला माझे वडील दरवर्षी जायचे. तरी मी कन्नड शिकले, वॉर्डात, आयाबायांकडून.

एका रात्री बैलहोंगलकडचे एक आजोबा आले. पोटाची तक्रार म्हणून आमच्या वॉर्डात घातलेले. ते सारखं म्हणत होते, "एदी उरीतैत्री, अक्का." छाती जळतेय. सोबतच्या नव्या सिस्टरला वाटलं, पित्त असेल. मी जवळ बसून विचारलं, "एल्ली नोव ऐती?" कुठं दुखतंय? आजोबांनी हात छातीवर ठेवला आणि तिथून डाव्या खांद्याकडे नेला. डॉक्टरांना उठवलं, ईसीजी काढला. ते पोटाचं दुखणं नव्हतंच. आजोबा वाचले. पुढं त्यांच्या सुनेने आम्हाला कर्दंटाचा डबा आणून दिला, आणि तो नाईटवाल्यांनी दिवसपाळीला न सांगता संपवला.

म्हणून मी मुलींना सांगते, इंटरव्ह्यूला 'भाषा: मराठी, कन्नड, हिंदी, थोडी इंग्रजी, कोकणी समजते' असं न लाजता सांगा. आपण हे घरचंच समजतो, म्हणून सांगायचं राहून जातं. मिरजेच्या दवाखान्यांत अथणी-कागवाडचे पेशंट रोज येतात. तिथल्या मेट्रनला कन्नड बोलणारी मुलगी हवीच असते.

बाकी वाटा थोडक्यात. उपकेंद्रांवर कम्युनिटी हेल्थ ऑफिसरच्या जागा असतात. नर्सिंगनंतर त्याचा सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स आहे. काम कराराचं, गाव आडवळणाचं, पण स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट बघायला मिळतात. आखातात जाणाऱ्यांना प्रोमेट्रिक ही परवान्याची परीक्षा, जर्मनीला जाणाऱ्यांना जर्मन भाषा. इथं एजंटापासून जपा. परदेशी कामाला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर दिसतं का ते आधी तपासा. दोन-चार लाख मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आईवडिलांनो, तुमच्याशीही दोन शब्द. पोरगी वर्षभर घरी बसली की तुम्ही स्थळं बघायला लागता. बघा, माझं म्हणणं नाही. पण दर पाहुण्यासमोर "अजून नाही लागली हो कुठं" म्हणणं तेवढं थांबवा. ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी असते.

खानापूरच्या त्या मुलीचा चौथा इंटरव्ह्यूही झाला नाही. कौन्सिलचा कागद नव्हता म्हणून. ना हरकतीचा अर्ज आता केलाय आणि कापडाच्या दुकानात सकाळचं काम धरलंय. संध्याकाळी माझ्याकडे कन्नड लिहायला येते. वाचता बरं येतं तिला, शाळेत होतंच. पण लिहिताना ओत्तक्षरं, म्हणजे खाली लटकणारी ती जोडाक्षरं, हमखास चुकतात. काल 'शुश्रूषा' हा शब्द सहा वेळा गिरवला. सहा वाजत आलेत. मी इथून घरी पोचेपर्यंत ती ओट्यावर वही उघडून बसलेली असेल. नमस्कार.