चाकणची गाडी, पालोमारचा घाट: एका सुपरमोटोवरचा पहिला दिवस

पडद्यावर दिसणारी ही जागा आज कार्यालये, गोदामे आणि वाहनतळांनी भरलेली आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅड गावातल्या या उतारावर 2004 सालापर्यंत मोटरसायकलच्या शर्यतींचे मैदान होते, आणि 1979 मध्ये याच मैदानावर एबीसी या अमेरिकी दूरचित्रवाहिनीसाठी एक वेगळीच शर्यत भरवण्यात आली. डांबरी ट्रॅकवर पळणारा, मातीच्या गोल धावपट्टीवर चाक घसरवत वळणारा आणि टेकाडांवरून उड्या घेणारा मोटोक्रॉसपटू, या तिघांत मोटरसायकलवर सर्वांत जास्त हुकमत कोणाची, असा तो वाद होता. गॅव्हिन ट्रिप या संयोजकाने त्यावर तोड काढली. त्याने काही भाग डांबराचा आणि काही भाग मातीचा असा एकच मार्ग आखला आणि तिघांनाही त्यावर एकत्र उतरवले. ‘सुपरबायकर्स’ या नावाने गाजलेली ती पहिली शर्यत केंट हॉवर्टन या मोटोक्रॉसपटूने जिंकली.

अशा मिश्र मार्गावर कोणतीच तयार गाडी पुरी पडत नव्हती. म्हणून लोकांनी मातीतली हलकी, उंच, एका सिलिंडरची गाडी घेतली, तिचे 21 इंची पुढचे चाक काढून लहान आणि रुंद चाक बसवले, त्यावर डांबराला चिकटून राहणारा टायर चढवला आणि पुढचा ब्रेक मोठा केला. सुपरमोटो म्हणतात ती हीच गाडी. अमेरिकेत तो कार्यक्रम 1985 नंतर बंद पडला, परंतु युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, या खेळाने चांगले मूळ धरले आणि 2002 पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली.

आज मी ज्या गाडीवर बसणार आहे, ती केटीएम 390 एसएमसी आर. मी ती याच आठवड्यात घेतली. नाव ऑस्ट्रियाचे असले, तरी ती तयार झाली आहे पुणे जिल्ह्यातल्या चाकणमध्ये, बजाज ऑटोच्या कारखान्यात. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माणसाला ही गोष्ट नुसती माहिती म्हणून सांगता येत नाही. नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात खोळंबलेल्या कंटेनरच्या रांगांमागे मी कितीतरी संध्याकाळी उभा राहिलो आहे. अशाच एखाद्या कंटेनरमधून निघालेली गाडी अर्धे जग ओलांडून, जिथे तिच्या जातीचा जन्म झाला त्या मैदानापासून काही मैलांवरच्या माझ्या घरी येऊन उभी राहिली, याचा मला मनापासून आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही.

पहिली अडचण गाडीवर बसतानाच येते. सीटची उंची 860 मिलिमीटर आहे आणि माझी स्वतःची उंची साडेपाच फूट. त्यामुळे दोन्ही पाय एकदम टेकवायचे म्हटले, तर फक्त चवडे जमिनीला लागतात. सिग्नलवर कंबर थोडी डावीकडे सरकवून एकच पाय नीट टेकवायचा, ही सवय मला पहिल्या दहा मिनिटांतच लावून घ्यावी लागली. गाडीचे वजन पेट्रोल न भरता 154 किलो आहे, म्हणून एका पायावरही ती सहज तोलली जाते. हेच वजन वीस-पंचवीस किलोंनी जास्त असते, तर माझ्या उंचीच्या माणसाला मी ही गाडी सुचवली नसती. सीट अरुंद आणि टणक आहे, कारण तिच्यावर बसून राहण्यापेक्षा तिच्यावरून सतत पुढे-मागे सरकायचे असते. हँडल रुंद आणि जवळ आहे. पाठ ताठ राहते, कोपर आपोआप बाहेर येतात आणि नजर समोरच्या मोटारींच्या टपांवरून पलीकडे पोहोचते.

गावातल्या वाहतुकीत या उंचीचा फार उपयोग होतो. मोटारींच्या दोन रांगांमधून मोटरसायकल पुढे काढण्याला कॅलिफोर्नियात 2017 पासून कायद्यानेच मान्यता आहे, आणि पुण्यात गाडी शिकलेल्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र या रुंद हँडलची टोके मोटारींच्या आरशांना लागू नयेत, एवढे भान ठेवावे लागते.

महामार्गाबद्दल थोडक्यात सांगतो. ताशी 65 मैलांच्या, म्हणजे सुमारे 105 किलोमीटरच्या मर्यादेत गाडी कुठेही कमी पडत नाही, पण समोर काच नसल्याने वारा थेट छातीवर येतो. ताठ बसलेला माणूस शिडासारखा मागे रेटला जातो आणि अर्ध्या तासात मान भरून येते. रोज लांबचा महामार्ग ज्यांच्या नशिबी आहे, त्यांनी या प्रकारच्या गाडीच्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते.

आता आपण 76 क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेकडे वळलो आहोत. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या आणि ॲव्होकॅडोच्या बागा आहेत, आणि समोर धुक्यातून वर आलेला डोंगर दिसतो तो पालोमार. त्याच्या माथ्यावर 200 इंची हेल दुर्बीण असलेली प्रसिद्ध वेधशाळा आहे, परंतु इथल्या मोटरसायकलवाल्यांना हा डोंगर ठाऊक आहे तो त्याच्या दक्षिण घाटामुळे. अवघ्या सात मैलांत हा रस्ता तीव्र वळणे घेत घेत पाच हजार फुटांच्या वर नेतो. एक वळण संपेपर्यंत दुसरे सुरू झालेले असते आणि मध्ये श्वास घ्यायलाही पुरेसा सरळ तुकडा मिळत नाही. वरंधा घाटाच्या चढणीचा रस्ता रुंद आणि गुळगुळीत करून ठेवला, तर जे होईल, ते काहीसे असे असेल.

चढायला सुरुवात करण्यापूर्वी कॅमेरा थोडा टायरजवळ नेऊ. नव्या मिशेलिन टायरच्या कडेला रबराचे केसासारखे बारीक कोंब अजून शाबूत आहेत, आणि मध्यभाग थोडा मळकट झाला असला तरी दोन्ही कडांना दोन-दोन बोटे रुंदीची पट्टी अजून रस्त्याला लागलेलीच नाही. साच्यातून निघालेल्या नव्या रबराचा पृष्ठभाग तुळतुळीत असतो. तो थोडा घासला जाईपर्यंत टायर पूर्ण पकड देत नाही, म्हणून नव्या गाडीवर पहिल्याच वळणात झुकण्याची घाई करायची नसते. इंजिनालाही पहिल्या 1000 किलोमीटरची सर्व्हिसिंग होईपर्यंत ताणायचे नाही. त्यामुळे आज 33 किलोवॅटची पूर्ण ताकद मी वापरणार नाही, आणि या घाटात त्याची गरजही पडत नाही.

पहिली चार-पाच वळणे मी चुकीची घेतली. रेसिंगच्या धाटणीच्या गाड्या चालवून मला वळणाच्या आतल्या बाजूला शरीर टाकायची, गुडघा बाहेर काढायची सवय लागली आहे. तसे केल्यावर ही गाडी बुजल्यासारखी वागली. हँडल नको इतके हलके झाले आणि वळणाच्या मध्यावर मला दोनदा दिशा सुधारून घ्यावी लागली. सहाव्या वळणावर मी नेमके उलटे केले. पाठ सरळ ठेवली, सीटवर पुढे, अगदी टाकीला लागून सरकलो, बाहेरच्या बाजूचा कोपर उंच धरला आणि आतल्या हाताने हँडल खाली दाबत फक्त गाडी झुकवली, स्वतः झुकलो नाही. त्या एका बदलाने गाडीची चालच पालटली. ज्या वळणासाठी आधी सगळे अंग कामाला लावले होते, ते वळण तिने मनगटाच्या रेट्यावर घेतले.

यामागचे कारण गाडीच्या बांधणीत आहे. मातीतल्या गाडीकडून आलेला लांब पल्ल्याचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या दोन नळ्या, ब्रेक लावताच खाली बसतो, नाक खाली जाते आणि फोर्कचा कल अधिक उभा होतो. फोर्क जितका उभा, तितकी गाडी वळायला चपळ. 17 इंची लहान चाकाला कलवायला जोर कमी लागतो आणि रुंद हँडल पहारीसारखे काम करते. म्हणजे ब्रेक हा इथे केवळ थांबण्यासाठी नसून वळण्याची पहिली पायरी आहे. 320 मिलिमीटरच्या एकाच मोठ्या पुढच्या डिस्कवर मी एक बोट ठेवतो. पहिल्या दाबात फोर्क सावकाश चार बोटे खाली येतो, गाडी वळणाकडे मान वळवते, आणि बोट हलकेच सोडले की तोच फोर्क वर येता येता तिला वळणातून बाहेर काढतो. इथे ही हालचाल संथ गतीने पुन्हा दाखवली आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर राहिलेली धुळीची रेघ पाहिली, म्हणजे तो किती खोल गेला होता हे कळते.

मध्यावरच्या एका थांब्यावर मी फोर्कच्या माथ्यावरचा कॉम्प्रेशनचा, म्हणजे फोर्क किती झपाट्याने दबावा हे ठरवणारा स्क्रू तीन क्लिक घट्ट केला, कारण माझा ब्रेक अजून धसमुसळा आहे आणि नाक जरा जास्तच झपाट्याने खाली जात होते. एवढ्याशा फरकाने वरचा अर्धा घाट मला पुष्कळच सोपा गेला.

वरच्या टप्प्यात ओकच्या झाडांची सावली सुरू होते, आणि तिथल्या एका वळणावर रात्रीच्या वाऱ्याने आणलेली वाळू पसरलेली होती. ती मला उशिरा दिसली. मागचे चाक वीतभर बाहेर सरकले, माझ्या पोटात गोळा आला, आणि मी काही करण्याच्या आतच ते पुन्हा डांबरावर येऊन घट्ट बसले. चूक सर्वस्वी माझी होती. सावलीतल्या वळणात शिरताना नजर जितक्या लांब हवी होती, तितकी ती नव्हती. पण शरीर सरळ आणि गाडी खाली झुकलेली असल्यामुळे चाक घसरले तरी माझा तोल गाडीबरोबर गेला नाही. मातीत चालवणारे लोक शरीर असे उभे का ठेवतात, हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होते. या गाडीच्या एबीएसमध्ये, म्हणजे ब्रेक लावताना चाक जखडू न देणाऱ्या यंत्रणेत, मागच्या चाकापुरता अंकुश काढून घेणारा ‘सुपरमोटो’ मोड आहे, ज्यात कसलेले चालक मागचे चाक मुद्दाम आडवे सरकवत वळणात शिरतात. सार्वजनिक रस्त्यावर मी तो आज सुरू केला नाही, आणि कोणीही करू नये.

माथ्यावर थंडी आहे. चौकातल्या उपाहारगृहासमोर पंधरा-वीस मोटरसायकली उभ्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा माझ्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट इंजिनाच्या आहेत. एका वयस्क गृहस्थाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि ती कुठे बनते, असे विचारले. मी चाकण म्हटले. त्यांना ते दोनदा सांगावे लागले. मग फोनवर नकाशा उघडून मी त्यांना पुणे, त्याच्या उत्तरेचे चाकण आणि पश्चिमेचे आमचे घाट दाखवले. त्यांनी नकाशा बोटांनी मोठा करून ताम्हिणीची वळणे बराच वेळ पाहिली.

उतरताना मी पूर्वेचा रस्ता घेतला. तो हेनशॉ तलावाकडे जातो आणि त्याची वळणे लांबट व वेगवान आहेत. तिथे गाडीची दुसरी बाजू समोर आली. जी चपळाई चढणीच्या तीव्र वळणांत वरदान वाटली होती, तीच इथे थोडी अस्वस्थ करते. लांब वळणात गाडी एका रेषेवर शांतपणे टेकून राहावी असे वाटते, आणि ही मात्र प्रत्येक खाचखळग्यावर नवी दिशा सुचवत राहते. हँडल सैल हातांनी धरले आणि किंचित ॲक्सिलरेटर देत राहिलो, तेव्हा ती स्थिरावली. तरीही या रस्त्यावर लांब, जड गाडी जास्त सुख देते, हे मान्य केले पाहिजे. टाकी 9 लिटरची आहे, त्यामुळे तलाव आल्यावर पुढच्या पेट्रोल पंपाचा हिशेब मनात सुरू झाला.

संध्याकाळी घरी आल्यावर टायर पुन्हा पाहिला. केसासारखे कोंब मध्यापासून बरेच दूरपर्यंत झिजले आहेत, आणि सकाळची दोन बोटांची कोरी पट्टी मागच्या चाकावर एका बोटावर आली आहे. पुढच्या चाकावर ती अजून दीड बोट आहे, म्हणजे माझा पुढच्या टायरवरचा विश्वास मागच्याच्या मागे आहे. येत्या रविवारी मी याच दक्षिण घाटावर पुन्हा जाणार आहे, फोर्कचे ते तीन क्लिक तसेच ठेवून.