ओव्हर

(माहितीपटाचं निवेदन. कंसात दृश्यं.)

(सकाळ. कौलांच्या पागोळ्या. चिऱ्याच्या पायऱ्यांवर ओल्या चपला. लांबून एसटीचा आवाज.)

सिंधुदुर्गातलं किनाऱ्यालगतचं एक गाव. आषाढातली सकाळ, पावणेआठची वेळ. जांभ्या चिऱ्याच्या या जुन्या घरात वृद्धाश्रम आहे, 22 आजी-आजोबा राहतात. रात्रपाळीच्या दोघी निघायच्या तयारीत आहेत, एकीच्या हातात छत्री, दुसरीच्या हातात रिकामा डबा. दिवसपाळीच्या बायका ज्या गाडीने येतात, तीच गाडी वळते आणि रात्रपाळीला घेऊन जाते. मध्ये मिळतात चार-पाच मिनिटं. ही गाडी चुकली की पुढची दीड तासाने.

एवढ्या वेळात अख्खी रात्र सकाळच्या हाती द्यायची असते. दवाखान्यात याला ‘ओव्हर देणं’ म्हणतात. इथे बरेच दिवस ही ओव्हर फाटकात उभ्याउभ्या व्हायची. “सगळी बरी आहेत, तीन नंबरच्या आजी झोपल्या नाहीत, येते गं.”

कोण कामचुकार, कोण भांडखोर, कुणाचं कुणाशी पटत नाही अशा नावांनी ओळखली जाणारी या घरातली बहुतेक भांडणं या फाटकातून आत यायची.

(तीन नंबरच्या खाटेवर कुशीवर झोपलेल्या आजी. चादर बाजूला होते. खुब्याजवळ लाल चट्टा.)

हा चट्टा नीट पाहा. बोटाने दाबून सोडलं की निरोगी कातडी आधी पांढुरकी पडते, मग परत लाल होते. इथे बोट उचलल्यावरही लाली तशीच आहे. ही बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. सकाळच्या ताई म्हणाल्या, रात्री कूस बदललीच नाही. रात्रीच्या मावशी म्हणाल्या, चट्टा संध्याकाळीच होता, मला कुणी सांगितलं नाही. दोघींचा आवाज चढला, आणि खाटेवरच्या आजी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

व्यवस्थापक ताई त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी पुढे काय केलं ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी त्यांनी आजींना दुसऱ्या कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली, डॉक्टरांना फोन केला. मग दोघींना वेगवेगळं बोलावलं. व्हरांड्यात किंवा आजी-आजोबांसमोर हे बोलणं झालं नाही. त्या धान्याच्या खोलीत गेल्या, कारण दार बंद होणारी दुसरी खोलीच या घरात नाही. खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरक्या ठेवल्या. मोबाईल बाहेर. प्रत्येकीला दहा-दहा मिनिटं. रात्रीच्या मावशींचं आधी ऐकलं, कारण त्या बारा तास जागलेल्या होत्या. त्यांची गाडी तर चुकलीच होती, म्हणून आधी चहा दिला.

ऐकताना मध्ये बोलायचं नाही. शेवटी ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की संध्याकाळी आठला चादर बदलताना तुम्हाला चट्टा दिसला, पण तोवर दिवसपाळी गेली होती. बरोबर?” त्या “हो” म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच बिघडतं. समोरच्याला वाटतं, आपलं पोचलंच नाही. मग तो तेच पुन्हा बोलतो, या खेपेला मोठ्याने.

त्यानंतर दोघी एकत्र. टेबलावर फक्त नोंदवही. प्रश्न एकच: काय दिसलं आणि किती वाजता? ‘तुम्ही नेहमी’, ‘तुम्ही कधीच’ अशी सुरुवात झाली की व्यवस्थापक ताई हात वर करतात आणि वहीकडे बोट दाखवतात.

(नोंदवहीचं पान, जवळून.)

आणि वहीत काय लिहिलं होतं? “आजी बऱ्या. जेवल्या. रात्री त्रास दिला.”

बस्स. यावरून दोघींपैकी कोण खरं बोलत होतं, हे कोणालाच सांगता आलं नसतं. भांडण दोघींचं, पण चूक त्या ओळीची होती, आणि अशी ओळ लिहिलेली चालते हे ठरवलं होतं व्यवस्थापनाने.

आता त्याच वहीतलं तीन आठवड्यांनंतरचं पान पाहा. “रात्री 2.10. उठून बसल्या. गाऊन ओला. बाथरूम कुठे विचारत होत्या. बदललं, पाणी अर्धा पेला, डाव्या कुशीवर.” ‘त्रास दिला’ हे शब्द गेले, त्या जागी डोळ्यांनी दिसलेलं आलं. हे लिहिणाऱ्या मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांना कुणी सुंदर लिहायला सांगितलं नाही. वेळ लिहा आणि पाहिलंत ते लिहा, एवढंच सांगितलं. रात्री जागणाऱ्या बाईला जेवढं ठाऊक असतं तेवढं महिन्यातून एकदा येणाऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. ते कागदावर उतरवून घेणं हे व्यवस्थापकाचं पहिलं काम.

(दोन बाया खाटेखाटेपाशी जाताना. एकीच्या हातात वही, दुसरी चादर उचलते.)

ही आताची ओव्हर. पाळ्यांची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतली. वाडीतून चालत येणारी एक ताई सव्वासातलाच हजर होते, त्यामुळे गाडी यायच्या आत अर्धा तास मिळतो. फाटक सोडून प्रत्येक खाटेपाशी उभं राहायचं. हिंडत्याफिरत्या माणसाला एक मिनिट पुरतं, अंथरुणाला खिळलेल्याला तीन. पाच गोष्टी, त्याच क्रमाने: खाणं-पाणी, लघवी-शौच, कातडी, झोप आणि मन, औषधं. कातडी सांगायची नाही, दाखवायची. टाचा, खुबे, माकडहाड. शेवटी ओव्हर घेणारीने महत्त्वाचं तेवढं परत म्हणायचं. “पाच नंबरच्या आजोबांनी कालपासून तीनच पेले पाणी घेतलंय, लघवी गडद आहे, दहाला परत बघायचं.” मग सही. दोघींची.

यात एक धोक्याची खूण वेगळी काढलेली आहे. कालपर्यंत ओळखणारं माणूस आज अचानक बरळू लागलं, हात झटकू लागलं, तर तो स्वभाव नव्हे आणि हट्टही नव्हे. लघवीचा संसर्ग, शरीरातलं कमी पाणी, साचलेलं शौच, नवीन सुरू झालेली गोळी, यांपैकी काहीतरी असू शकतं. तेव्हा समजूत काढत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन लावायचा.

(विहिरीच्या कठड्याजवळ छत्रीत उभी ताई, कानाला मोबाईल.)

रेंज इथेच येते. फोनवर चार गोष्टी सांगायच्या: आत्ता काय झालंय, आधीची पार्श्वभूमी, आमचा अंदाज, आणि तुमच्याकडून काय हवंय. ही मांडणी मूळची अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची, तिथून ती रुग्णालयांत आली. चौथी गोष्ट लहान हुद्द्याच्या माणसाच्या तोंडून निघायला जड जाते. डॉक्टरांना ‘तुम्ही या’ कसं म्हणायचं? म्हणून ताईंनी ते वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय: “डॉक्टर, आज दुपारच्या आत तपासायला हवं असं आम्हाला वाटतं.”

(खिडकीशी बसलेले आजोबा. ट्रेमध्ये कानाचं यंत्र.)

काही भांडणांचं मूळ एवढंसं असतं. आजोबा ऐकत नाहीत, मुद्दाम करतात, अशी तक्रार होती. वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज: स, श यांसारखे. ‘सात’ म्हटलं की पोचतं ‘आत’. ओरडलं तर ‘आ’ मोठा होतो, ‘स’ बुडालेलाच राहतो, शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो. म्हणून दोन-तीन हातांवर समोर बसायचं, वाक्य छोटं ठेवायचं आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर घ्यायचा. या घरांच्या खिडक्या लहान. दाराकडे पाठ करून बोलणाऱ्याचे ओठ दिसतच नाहीत.

आणि यंत्र? पावसाळ्यातल्या दमटपणाने ते मंद झालेलं. रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. नव्या सेलचा नारिंगी कागद काढल्यावर दोन-चार मिनिटं थांबायचं, कारण हा सेल हवेवर चालतो. मग बसवायचा. यंत्राच्या कानात बसणाऱ्या भागातला मळ दर आठवड्याला पाहायचा. मुद्दाम न ऐकणारे आजोबा आता गाडीचा हॉर्न आधी ओळखतात.

(तिन्हीसांज. ओसरीवर एक आजी, हातात पिशवी.)

“माका घराक जावचा आसा.”

रोज याच वेळी. ‘हेच तुमचं घर’ म्हटलं की त्या दारावर हात आपटतात. विसरभोळेपणाच्या आजारात वाद जिंकून काहीच हाती लागत नाही. त्याच बोलीत विचारायचं: “घराक काय काम आसा गे आजये?” उत्तर येतं, “गोरवांका चारो घालूचो आसा.” मग गोरवांबद्दल, म्हणजे गुराढोरांबद्दल, बोलायचं. किती होती, नावं काय. बोलत बोलत अंगणात एक फेरी.

(इथे निवेदन नाही. फेरी पूर्ण होऊ द्यावी.)

गणपती आले की चाकरमानी येतात आणि दुसऱ्या तऱ्हेचे वाद सुरू होतात. मुंबईहून एक मुलगा, पुण्याहून दुसरा. पैसे भरतो एक, फोन करतो दुसरा, आणि वडील वाळलेले दिसले की दोघेही पहिली भेटेल त्या ताईवर ओरडतात. यावर उपाय दाखल करतानाच करायचा असतो. माहिती कुणा एकाला कळवायची, इस्पितळात न्यायचा निर्णय कुणाचा, खर्चाची वाटणी कशी, हे लेखी घ्यायचं, आणि आधी खुद्द आजोबांना विचारायचं. नातेवाइकांना सामोरं जायचं ते व्यवस्थापकाने, वजनाचा तक्ता हातात घेऊन. ताईला पुढे ढकलायचं नाही. जिथे मुलं खर्चच टाळतात तिथे 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही मदतवाहिनी आहे.

प्रत्येक गोष्ट मात्र मिटवायची नसते. हात उगारला, खाटेला बांधलं, गोळ्या दिल्याच नाहीत, पैसे गेले, तर तिथे समेट नाही. त्याच दिवशी त्या व्यक्तीला त्या कामावरून बाजूला करायचं, नोंद करायची, चौकशी करायची, घरच्यांना कळवायचं. ‘आपसांत मिटवा’ म्हणणारा व्यवस्थापक इथे खाटेवरच्या माणसाला एकटं सोडतो.

तीन नंबरच्या आजींची जखम भरायला दोन महिने लागले.

(सकाळ. खाटेपाशी त्याच दोघी. एक चादर उचलते, दुसरी वाकून पाहते.)

“उजवा खुबा, कातडी कोरडी, लाली नाही. पहाटे साडेपाचला कूस बदलली. आता साडेसातला परत बदलायची.”

“साडेसातला बदलायची. दिसली.”

दोघी सही करतात. वळणावर गाडी वाजते.